बेने इस्रायल: मराठी घरांतील ज्यू सण, चालीरीती आणि इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळांमधील शिक्षक, अलिबागकडे सहलीला निघालेली मंडळी, संशोधन करणारे विद्यार्थी आणि आमचे शेजारी अशा अनेकांकडून वर्षानुवर्षे येत राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एकाच गोष्टीचा संबंध अनेक उत्तरांशी येतो, तेथे पुनरुक्ती टाळण्यासाठी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेने इस्रायल म्हणजे नेमके कोण? ते इस्रायल देशाचे नागरिक आहेत का?

‘बेने इस्रायल’ या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्रायलची संतती’ असा आहे. येथे इस्रायल म्हणजे देश नव्हे, तर अब्राहमचा नातू याकोब. त्यालाच पुढे इस्रायल हे नाव मिळाले. कोकणच्या किनाऱ्यावर, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, शेकडो वर्षे राहिलेला आणि मराठी हीच मातृभाषा असलेला हा ज्यू समाज आहे. इस्रायल हे राष्ट्र १९४८ मध्ये अस्तित्वात आले, आणि समाजाचे नाव त्याहून फार जुने आहे. भारतात राहणारे बेने इस्रायल भारतीय नागरिक आहेत. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला आमच्यापैकी बहुतेक जण पेण, रोहा किंवा अलिबाग असेच उत्तर देतात, आणि ते उत्तर पूर्णपणे खरे असते.

२. हा समाज कोकणात कधी आणि कसा आला?

समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी आहे की, फार पूर्वी एक गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत किनाऱ्याला लागल्या. लाटांबरोबर आलेले मृतदेह नवगावच्या भूमीत पुरण्यात आले, आणि त्या जागी आज स्मारक उभे आहे. वाचलेल्या सात जोडप्यांपासून सारा समाज वाढला, असे मानले जाते.

कथेच्या काळाविषयी एकमत नाही. काही जण हे आगमन इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले मानतात, काही त्याहून आधीचे, तर काही अभ्यासक ते बरेच नंतरचे समजतात. त्या काळचा लेखी पुरावा उपलब्ध नाही, म्हणून कोणत्याही एका शतकाचा आग्रह धरू नये हे बरे. परंपरेने जपलेल्या आठवणीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. आनुवंशिक पुराव्याविषयी प्रश्न १६ पाहावा.

३. त्यांना ‘शनवार तेली’ का म्हणत?

कोकणातील गावांत या समाजाचा प्रमुख व्यवसाय तेलाचा घाणा चालवण्याचा होता. शुक्रवारी सूर्यास्ताला घाणा थांबे आणि शनिवारी सूर्यास्तापर्यंत बैल जुंपला जात नसे. शेजाऱ्यांनी हे वेगळेपण हेरले आणि ‘शनवार तेली’ हे नाव दिले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले जात.

मला या नावाचे फार महत्त्व वाटते. त्या काळी समाजाकडे हिब्रू ग्रंथ नव्हते आणि इतर ज्यू समाजांशी संपर्कही नव्हता, तरी धर्मातील सर्वांत मोठी आज्ञा, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस पाळणे, त्यांच्या हातून सुटली नाही, आणि याची साक्ष भोवतालच्या मराठी समाजाने एका साध्या टोपणनावात जपून ठेवली.

४. आडनावे ‘कर’ ने का संपतात?

कारण ती कोकणी गावांवरून आली आहेत. नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर, झिराडचे झिराडकर. जुन्या पुरुषनामांनाही मराठी वळण मिळाले होते: सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी, आयझॅकचा इसाजी. आडनावावरून कुटुंबाचे मूळ गाव कळते, मात्र केवळ आडनावावरून एखाद्याचा धर्म ठरवू नये, कारण यांतील अनेक आडनावे हिंदू कुटुंबांतही आहेत.

५. भारतातील सगळे ज्यू बेने इस्रायलच आहेत का?

नाही. केरळातील कोचीनचे ज्यू मल्याळम बोलणारे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इराक आणि आसपासच्या प्रदेशांतून मुंबई, पुणे, कोलकाता येथे आलेल्या व्यापारी कुटुंबांना बगदादी ज्यू म्हणतात, आणि ससून घराणे त्यांतलेच. मणिपूर व मिझोराममधील बेने मेनाशे हा आणखी वेगळा समाज आहे.

हा फरक लक्षात न घेतल्याने बरेच घोटाळे होतात. मुंबईतील भायखळ्याचे मागेन डेव्हिड (१८६४), फोर्टमधील निळे केनेसेथ एलियाहू (१८८४) आणि पुण्याच्या कॅम्प भागातील ओहेल डेव्हिड, म्हणजेच पुणेकरांचे ‘लाल देऊळ’, ही तिन्ही सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, ससून कुटुंबाने बांधली. लाल देवळाचे काम १८६७ मध्ये पूर्ण झाले, आणि १८६४ मध्ये पुण्यात निधन पावलेल्या डेव्हिड ससून यांची समाधी त्याच आवारात आहे. या वास्तूंची भव्यता पाहून ‘तुमचा समाज फार श्रीमंत होता’ असे आम्हांला अनेकदा ऐकवले जाते, पण बेने इस्रायल समाज हा तेलाचा घाणा, शेती, सुतारकाम, आणि पुढे सैन्य, रेल्वे व सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्या यांवर जगलेला समाज आहे.

६. जगाशी संपर्क नसताना धर्माचे काय काय टिकून राहिले होते?

शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे मुख्य नियम, काही सण व उपवास, आणि ‘शमा’ ही एकेश्वराची घोषणा करणारी हिब्रू प्रार्थना. जन्म, लग्न, मृत्यू कोणताही प्रसंग असो, दुसरी हिब्रू प्रार्थना ठाऊक नसल्यामुळे शमाच म्हटला जाई.

डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू विद्वानाने या समाजाला ओळखले, अशी कथा आहे. त्याने स्त्रियांना निरनिराळी मासळी शिजवायला दिली, तेव्हा त्यांनी पर आणि खवले नसलेली मासळी आपण होऊन बाजूला काढली, आणि त्याची खात्री पटली. पुढे त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतील माणसांना धर्मशिक्षण देऊन ‘काजी’ नेमले, असे परंपरा सांगते. रहाबीच्या काळाबद्दल मतभेद आहेत. मात्र या कथेत परीक्षा चुलीपाशी, स्त्रियांच्या हातांची झाली, याकडे मी प्रत्येक वेळी लक्ष वेधतो, कारण आमचा धर्म कित्येक शतके पोथीत नव्हे तर स्वयंपाकघरात सांभाळला गेला.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेले शिक्षक आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यामुळे हिब्रूचा अभ्यास सुरू झाला. मिशनऱ्यांनी हिब्रू धर्मग्रंथ मराठीतून उपलब्ध केले, पण ते वाचून समाज ख्रिस्ती झाला नाही, उलट आपल्या धर्मात अधिक पक्का झाला.

७. सणांची मराठी नावे कोणती आणि ती कशावरून पडली?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. हिब्रू नावे आता सर्वत्र रूढ झाली आहेत, तरी जुन्या पिढीच्या तोंडी मराठी नावे होती आणि ती विसरली जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते.

हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी येणारे नववर्ष, रोश हशाना, हा नव्याचा सण. त्याच महिन्यात नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर करून खिरीचा सण साजरा होई. ही सुक्कोथ या सुगीच्या सणाची आठवण असावी असे मानतात. दहाव्या दिवसाचा योम किप्पूर, म्हणजे वर्षातील सर्वांत कडक उपवास, हा दरफाळणीचा सण. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, घराचे दार लावून, बाहेरच्यांशी संबंध न ठेवता सारा दिवस अन्नपाण्यावाचून प्रार्थनेत घालवत, आणि दार लावण्यावरून हे नाव पडले. दुसरा दिवस शिळा सण, म्हणजे दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा.

अदार महिन्याच्या पौर्णिमेजवळचा पुरीम हा होळीचा सण (प्रश्न ९ पाहावा). इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा पेसाह हा अनशी ढाकाचा सण. घरात आंबट द्रवाचे जे भांडे नेहमी भरलेले असे, ते या आठ दिवसांत झाकून ठेवत, कारण पेसाहमध्ये आंबवलेले काहीही चालत नाही. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस, आव महिन्याची नवमी, हा बिरड्याचा रोजा, कारण मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावर हा उपवास सुटे. नववर्षापूर्वीच्या एलूल महिन्यात केल्या जाणाऱ्या उपवासांना तर रमजान म्हणत.

या यादीत ‘सण’ आणि ‘रोजा’ हे दोन्ही शब्द कसे सहज नांदतात ते पाहावे. हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही शेजाऱ्यांकडून शब्द घेतले, पण तिथ्या आणि नियम तोरा या ज्यू धर्मग्रंथाचेच राहिले. मंदिराच्या विध्वंसाचे दुःख वालाच्या बिरड्याशी बांधले गेले म्हणून ते उणे झाले नाही, उलट लहान मुलांच्याही लक्षात राहिले.

८. हे सण दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतात? कधी नवरात्राबरोबर, तर कधी महिनाभर आधी, असे का?

हिब्रू पंचांग आपल्या पंचांगासारखेच चांद्र-सौर आहे. महिना अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्रात आपण मानतो तसाच. त्यामुळे नव्याचा सण नेहमी शुक्ल पक्षाच्या आरंभी, आणि पेसाह व सुक्कोथ पौर्णिमेच्या सुमारास येतात. दिवस मात्र सूर्योदयाला नव्हे, तर सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून दिनदर्शिकेत छापलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच सण लागलेला असतो.

ऋतूंशी मेळ राखण्यासाठी हिब्रू पंचांगातही अधिक महिना धरतात. एकोणीस वर्षांत सात वेळा, आणि तो नेहमी अदार महिन्याचाच असतो. आपल्याकडील अधिक मास सूर्यसंक्रांतीवरून ठरतो आणि वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. दोन्हींचे अधिक महिने एकाच वेळी येत नाहीत, तेथे अंतर पडते. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला सकाळी घटस्थापना होती आणि त्याच संध्याकाळी नव्याचा सण लागला. २०२३ मध्ये मात्र आपल्याकडे अधिक श्रावण येऊन गेला होता आणि हिब्रू पंचांगातील अधिक अदार अजून यायचा होता, त्यामुळे नव्याचा सण १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी, गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधी लागला, आणि घटस्थापना त्यानंतर महिन्याने झाली.

९. ‘होळीचा सण’ म्हणजे ज्यू लोक होळी पेटवतात का?

नाही. हे नाव केवळ तिथीवरून पडलेले आहे. पुरीम हा पर्शियाच्या साम्राज्यात हामान नावाच्या प्रधानाच्या कटातून ज्यू प्रजा वाचल्याचा आनंदोत्सव आहे. सिनेगॉगमध्ये राणी एस्तेरची कथा हिब्रूतून वाचली जाते, आणि हामानाचे नाव आले की मुले पाय आपटून गलका करतात. तो फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो म्हणून शेजाऱ्यांना सांगायला ‘आमचा होळीचा सण’ हे सोपे पडले. आमच्याकडेही त्या दिवशी पुरणपोळी होते, आणि ती शेजारून शिकलेली आहे हे सांगण्यात कोणताही कमीपणा नाही.

या नावालाही अपवाद आहे. प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या अधिक महिन्याच्या फरकामुळे २०२१ मध्ये होळीच्या पौर्णिमेला पुरीम नव्हे तर पेसाह आला, आणि पुरीम त्याच्या महिनाभर आधी होऊन गेला होता. त्या वर्षी सारा महाराष्ट्र पुरणपोळी खात होता आणि आमच्या घरात बिनखमिराच्या भाकरीचे दिवस सुरू झाले होते.

१०. मलिदा म्हणजे काय? तो नैवेद्य आहे का?

मलिदा हा बेने इस्रायल समाजाचा खास विधी आहे आणि इतर ज्यू समाजांत तो आढळत नाही. प्रेषित एलियाहू, ज्यांना आम्ही ‘एलियाहू हनाबी’ म्हणतो, यांचे स्मरण करून देवाचे आभार मानण्यासाठी तो करतात. लग्नाआधी, बाळाच्या जन्मानंतर, नव्या घरात राहायला जाताना, परीक्षेत यश मिळाल्यावर, नवस फेडताना, अशा कोणत्याही शुभप्रसंगी तो होतो.

मोठ्या ताटात भिजवलेल्या पोह्यांची रास असते. त्यात ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, बदाम, बेदाणे मिसळलेले असतात. भोवती निदान पाच प्रकारची फळे आणि सुवासासाठी सब्जाची डहाळी किंवा गुलाब ठेवतात. एलियाहू हनाबीचे गीत व प्रार्थना झाल्यावर प्रत्येक पदार्थावर त्याचा वेगळा आशीर्वाद म्हणतात: झाडाच्या फळाचा निराळा, जमिनीतून येणाऱ्याचा निराळा, धान्याचा निराळा आणि सुवासाचा निराळा. मुले हमखास चुकतात ती केळ्यापाशी. ज्यू धर्मशास्त्रात केळे हे झाडाचे फळ नव्हे, तर जमिनीतून येणारे पीक मानले जाते, कारण त्याचा खांब वर्षानुवर्षे टिकत नाही, म्हणून त्यावर दुसरा आशीर्वाद म्हणावा लागतो.

नैवेद्य हा शब्द येथे नेमका बसत नाही, कारण मूर्ती किंवा प्रेषितापुढे काही अर्पण केले जात नाही. प्रार्थना एका देवालाच असते, प्रेषिताचे केवळ स्मरण होते, आणि ताट सर्वांनी मिळून खायचे असते. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एक खडक आहे, त्यावरील खुणा एलियाहूंच्या रथाच्या मानल्या जातात आणि त्या जागेला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. नवस फेडायला इस्रायलहूनही कुटुंबे तेथे येतात. शेवात महिन्याच्या पौर्णिमेचा तू बिश्वात, जो इतरत्र झाडांचे नववर्ष म्हणून साजरा होतो, तो आमच्याकडे एलियाहू हनाबीचा उरूस म्हणून ओळखला जाई.

११. रोजच्या जेवणात कोणते नियम असतात?

मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही व एकाच जेवणात खायचे नाही. डुकराचे मांस वर्ज्य. जनावर किंवा कोंबडी विधिपूर्वक कापलेली हवी, आणि मांस भिजवून, मीठ लावून रक्त काढून टाकावे लागते. मासळीला पर आणि खवले दोन्ही हवेत. त्यामुळे पापलेट, रावस, बांगडा चालतात, मात्र कोळंबी, खेकडे, तिसऱ्या आणि माकुल चालत नाहीत. कोकणात राहून कोळंबी न खाणे म्हणजे काय, हे कोकणी माणसाला वेगळे सांगायला नको.

दुधाच्या नियमावर कोकणाने सुंदर उत्तर दिले, ते म्हणजे नारळ. मटणाच्या रश्श्यात दही नाही, जेवणानंतर दुधाची खीर नाही, पण नारळाचे दूध दोन्हीकडे चालते, कारण ते प्राण्याचे दूध नव्हे. म्हणून सामिष जेवणानंतरचे आमचे गोड पदार्थही नारळाच्या दुधातले असतात. पूर्वी बहुतेक कुटुंबे गोमांस खात नसत. तो ज्यू नियम नाही, हिंदू शेजाऱ्यांच्या भावनेचा मान राखून पडलेला रिवाज होता.

शुक्रवारच्या संध्याकाळच्या किद्दूशसाठी, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या स्वागताच्या प्रार्थनेसाठी, द्राक्षरस लागतो. कोशेर, म्हणजे ज्यू नियमांप्रमाणे केलेले, द्राक्षमद्य येथे सहज मिळत नसे, तेव्हा घरोघरी काळ्या मनुकांचे सरबत होई आणि अजूनही होते. माझी आजी शुक्रवारी सकाळी मनुका धुऊन कोमट पाण्यात टाकी, दुपारी त्या हाताने कुस्करून पातळ फडक्यातून गाळी, आणि सूर्य मावळायच्या आत पेला, पोळ्या व दिवे मांडून पदर डोक्यावर घेई. दिवा लागला की चूल बंद. दुसऱ्या दिवसाचे जेवण आधीच झालेले असे.

१२. चिकाचा हलवा नव्याच्या सणालाच का करतात? तो कसा होतो?

नववर्षाची सुरुवात गोड व्हावी म्हणून जगभरचे ज्यू सफरचंद मधात बुडवून खातात. आमच्याकडे त्याच्या जोडीला चिकाचा हलवा असतो. गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून, गाळून, तळाशी बसलेला पांढरा चीक घेतात. तो नारळाच्या घट्ट दुधात साखरेसह मंद आचेवर शिजवायचा. खरी परीक्षा येथेच असते, कारण दोन-तीन तास हात थांबवता येत नाही. मिश्रण प्रथम खिरीसारखे, मग गोंदासारखे होते, आणि शेवटी पातेल्याच्या कडा सोडून एका गोळ्यात फिरू लागते व कडेला खोबऱ्याचे तेल सुटते. थोडेसे ताटलीत टाकून थंड झाल्यावर बोटाला चिकटले नाही की तयार. गुलाबी रंग, वेलची, वर बदाम-पिस्ते लावून ताटात थापतात आणि वड्या पाडतात. एकट्याने होणारे हे काम नाही, त्यामुळे आदल्या रात्री घरातले सारे आळीपाळीने ढवळत बसतात आणि शेजारच्या घरांत वाटायचे डबे तेव्हाच भरले जातात. दुधाचा थेंब नसल्याने हा हलवा मटणाच्या जेवणानंतरही चालतो (प्रश्न ११ पाहावा).

१३. लग्नात मंगळसूत्र आणि मेंदी असते, मग ते लग्न ज्यू कसे?

ज्यू लग्न वैध होते ते वराने वधूला साक्षीदारांसमक्ष अंगठी देण्याने आणि ‘केतुबा’ या विवाहकराराने. हे दोन्ही आमच्या लग्नात असतातच. त्याभोवती मेंदीची रात्र, हिरवा चुडा आणि मंगळसूत्र हे मराठी संस्कार गुंफले गेले आहेत, आणि त्यांनी धर्मविधीची जागा घेतलेली नाही. सिनेगॉगमध्ये पांढरी साडी नेसलेली वधू आत येऊ लागली की वर उभा राहून तिच्या स्वागतासाठी ‘योनाती’ हे हिब्रू गीत स्वतः गातो. आवाज चांगला असो वा नसो, ते त्यानेच गायचे असते, आणि लग्नाआधीचे काही आठवडे घरात तोच सराव चाललेला असतो.

१४. सिनेगॉगला ‘मशीद’ का म्हणत? तेथे रब्बी (ज्यू धर्मगुरू) असतात का?

मूर्ती नसलेले प्रार्थनास्थळ म्हणून भोवतालच्या लोकांनी तो शब्द वापरला आणि समाजानेही तो स्वीकारला. मुंबईतील पहिले सिनेगॉग, शआर हरहामीम, १७९६ मध्ये मांडवी भागात सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते, टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर देवाचे आभार म्हणून त्यांनी हे सिनेगॉग उभारले, असे सांगतात. त्यालाच ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे मानले जाते.

बेने इस्रायल समाजात रब्बींची परंपरा नव्हती. प्रार्थना चालवणारा हजान आणि कारभार पाहणारा मुकादम यांच्यावर सिनेगॉग चालत आले आहे. प्रार्थनेची पद्धत सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या परंपरेची, आहे.

१५. हनुक्का हा सण जुन्या यादीत का नाही?

हनुक्का इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केल्याच्या प्रसंगाचा सण आहे, आणि तो येथे एकोणिसाव्या शतकापूर्वी पाळला जात नव्हता. ‘म्हणजे आपले पूर्वज त्या घटनेच्या आधीच निघाले असले पाहिजेत’ असा तर्क समाजातील अनेकांनी मांडला. तर्क आकर्षक आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. एखादा सण संपर्क तुटल्यावर विस्मरणात गेला असेल, हेही तितकेच शक्य आहे. आता हनुक्काचे दिवे सर्वत्र लावले जातात.

१६. डीएनए तपासणीतून काय दिसून आले?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात बेने इस्रायल समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. याचा अर्थ बाहेरून आलेल्या पूर्वजांची आठवण निराधार नाही, आणि समाज या भूमीशी रक्तानेही जोडलेला आहे. मात्र ज्यू असणे हे धर्मशास्त्रात रक्ततपासणीने ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

१७. ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असा भेद खरोखर होता का?

होता, आणि तो लपवू नये. समाजाबाहेरच्या स्त्रीपासून झालेल्या संततीला ‘काळे’ ठरवून त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार टाळला जाई. भोवतालच्या जातिव्यवस्थेचा तो परिणाम होता, पण परिणाम म्हणून अन्याय कमी होत नाही. विसाव्या शतकात हा भेद मागे पडला. आज तो कोणी पाळत नाही, मात्र काही घरांच्या आठवणीत त्याचे व्रण आहेत.

१८. इस्रायलला गेल्यावर त्यांना ज्यू म्हणून स्वीकारले गेले का?

सहज नाही. १९४८ च्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते, आणि पुढच्या दशकांत त्यांपैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. डिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद, रामला या शहरांत ते वसले. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की, बेने इस्रायल व्यक्तीचे इतर ज्यू व्यक्तीशी लग्न लावताना आधीच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, त्यांना त्यांच्याच धर्माच्या देशात ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला. समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे जाहीर केले आणि तो आदेश मागे पडला.

१९. इस्रायलमध्ये अजून मराठी बोलतात का?

पहिल्या पिढीत नक्कीच. नोहा मस्सील यांच्या संपादनाखाली ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे. नातवंडांची भाषा हिब्रू झाली आहे, पण ‘आजी’, ‘पोहे’, ‘मलिदा’ हे शब्द त्यांच्या हिब्रूतही तसेच आहेत.

आमच्या धर्मजीवनात मराठी फार खोल रुजलेली आहे. पेसाहच्या रात्री वाचण्याची हगादा १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली आणि तिच्यातील चित्रांत नऊवारी नेसलेल्या स्त्रिया बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास तर अब्राहम, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने रचून ती साकी, दिंडी, ओवी अशा वृत्तांत गायली जाऊ लागली.

२०. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील कोणती नावे या समाजाची आहेत?

कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड, १९३७-३८ मधील मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस (वरळीचा रस्ता त्यांच्याच नावाचा), इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल, आणि अभिनेते डेव्हिड, ज्यांचे आडनाव चेऊलकर होते, म्हणजे मूळ चौलचे.

२१. महाराष्ट्रात ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा आहे का?

आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये तो दिला. केंद्राच्या अल्पसंख्याकांच्या यादीत मात्र ज्यू समाजाचा समावेश नाही, त्यामुळे अर्ज करताना योजना राज्याची आहे की केंद्राची, हे आधी तपासावे. आज देशभरात मिळून सुमारे चार-पाच हजार ज्यू आहेत, आणि त्यांतील बहुतांश मुंबई-ठाणे परिसरात राहतात.

२२. सिनेगॉग पाहता येते का? कोणती काळजी घ्यावी?

येते, पण आधी विचारून जावे. अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन आबोथ (१८४८), रेवदंड्याचे बेथ एल (१८४२), पनवेलचे बेथ एल (१८४९) आणि ठाण्याचे शआर हशामाईम (१८७९) ही पाहण्याजोगी आहेत. सुरक्षेच्या कारणास्तव ओळखपत्र मागितले जाते, त्याचा राग मानू नये. पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल ठेवावा. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ छायाचित्रे काढू नयेत आणि फोन बंद ठेवावा. कोकणातील लहान गावांत प्रार्थनेला किमान दहा पुरुष जमणे आता अवघड झाले आहे, त्यामुळे दार बंद दिसले तर आळीत चौकशी करावी. किल्ली बहुधा जवळच्याच एखाद्या घरी असते, आणि ते घर ज्यू असेलच असे नाही.